सटकलेला कागद

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर येता, ती पितळी पाटी वाचता, माना डोलावता आणि पुढच्या काचेकडे वळता. त्या वेळी मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे होते. पाटीवर लिहिले आहे, ‘अचूक व विश्वासू आलेखयंत्र. याच्याच साहाय्याने महाकाय ग्रहाभोवतीच्या लाटांचे कोडे सुटले.’ मी आहे एक जुना प्लॉटर, म्हणजे कागदावर लेखणीने रेघा काढणारे यंत्र. मी रेघा काढल्या हे खरे आहे. पण अचूक आणि विश्वासू हे शब्द वाचले की कुठे तोंड लपवू असे होते, आणि मला तर तोंड लपवायला हातही नाहीत. म्हणून आज खरे काय ते सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर लेखणी बसवली, शाईची कुपी बसवली आणि पोटात एक रबरी रूळ बसवला. कागदाची गुंडाळी त्या रुळाला धरून पुढे सरकायची आणि वरून लेखणी डावीउजवीकडे हलायची, एवढेच माझे काम. येणारा-जाणारा लेखणीचे कौतुक करी, कारण ती दिसते. रूळ आत असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. खरे तर सगळी मदार त्याच्यावरच असते. तो कागद घट्ट धरतो म्हणून रेघ जागच्या जागी पडते.

कारखान्यातून मी एका संशोधन संस्थेत आलो. दुमजली इमारत, खालच्या मजल्यावर माझी खोली, आणि खोलीबाहेर चांगला लांबलचक व्हरांडा. मला खोक्यातून बाहेर काढले ते तिथल्या मेकॅनिकने. बुटका माणूस, शर्टाच्या खिशात नेहमी एक पांढरे फडके. त्याने पहिल्या दिवशी माझा रूळ स्पिरिटने पुसला आणि त्यानंतर दर सोमवारी पुसला. हे काम कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. ते त्याच्या हातात होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याची भाची संशोधक म्हणून त्याच संस्थेत लागली. बहिणीची मुलगी, लहानपणापासून त्याच्याच घरी वाढलेली. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, तुमचा तो रेघोबा हाच ना?” म्हणजे घरी माझ्याबद्दल बोलणे होत असे! मी मनातल्या मनात फुगलो. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा रेघोबा झालो आणि तो मेकॅनिक सगळ्या संस्थेचा मामा झाला. विभागप्रमुखसुद्धा त्यांना मामाच म्हणू लागले. विभागप्रमुखांना आम्ही सर म्हणायचो, आणि भाचीला सगळे बाई म्हणायचे.

आता कामाचे सांगतो. आपल्या सूर्यमालेतल्या एका महाकाय ग्रहाभोवती एक यान फिरत होते. संस्थेत त्या ग्रहाला लाडाने ‘थोरला’ म्हणत. थोरला म्हणजे एक प्रचंड लोहचुंबकच समजा. त्याच्या चुंबकत्वाचा पसारा लाखो मैल पसरलेला, आणि त्या पसाऱ्यात विजेचा भार असलेले कण अडकून पडलेले. अशा कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. आतल्या बाजूला थंड कणांची दाटी, बाहेर विरळ पण चांगलेच तापलेले कण. मधूनच बाहेरच्या तापलेल्या कणांचा एखादा लोट आत मुसंडी मारतो. शिवाय या प्लाझ्मात लाटाही उठतात. पाण्याच्या नव्हेत, विजेच्या आणि चुंबकत्वाच्या लाटा.

यानावरचे एक उपकरण लाटा मोजी आणि दुसरे कण मोजी. ती मोजमापे चुंबकीय फितींवर उतरवून आमच्या खोलीत येत. लाटांची रेघ मी काढी. कणांची रेघ शेजारचा प्लॉटर काढी. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि स्वभावाने अगदी अबोल. त्याच्या पोटात रूळ नव्हता, कागदाच्या कडेच्या भोकांत दाते अडकवून तो कागद ओढी. थोरला दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून आमची एकेक पट्टी दहा तासांची असे. ती आम्ही तासाभरात काढून मोकळे होत असू. पट्टी सुमारे बारा मीटर लांब, तिच्यावर आधीच चौकटी छापलेल्या, आणि एक चौकट म्हणजे एक मिनिट.

मग व्हरांड्यात खरी गंमत असे. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी अंथरायच्या, सुरुवातीची टोके जुळवून त्यांवर वजने ठेवायची, आणि सगळ्यांनी बूट काढून मोजे घालून कागदावरून चालायचे. भलेभले विद्वान हातात बूट घेऊन वाकून चालताना पाहिले की मला हसू येई. कुठे काही दिसले की दोन माणसे दोन बाजूंनी एक पांढरा दोरा ताणून धरत, माझ्या पट्टीवरून शेजाऱ्याच्या पट्टीवर. दोऱ्याखाली जे येईल ते एकाच वेळी घडले असे समजायचे. ‘दोरा टाकला का?’ हा तिथला परवलीचा प्रश्न होता. मग तेवढाच तुकडा कापून वहीत चिकटवायचा आणि बाकीची पट्टी रद्दीत द्यायची. फितीसुद्धा पुसून पुन्हा वापरत. वीज वाचवण्यासाठी लाटांचे उपकरण अर्धा तास आधी बंद होई, म्हणून माझी पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीपेक्षा नेहमीच आखूड असे. नेमकी किती आखूड, हे कोणी कधी मोजले नाही.

बाईंचे म्हणणे साधे होते. भरलेल्या खोलीत कोणी तावातावाने शिरला की गलका उठतो, तसे हे कण आत घुसले की लाटा उठतात. आधी मुसंडी, मग लाटा. कण आपल्याबरोबर जे बळ आणतात त्यावरच लाटा पोसल्या जातात. हे म्हणणे खरे ठरले तर लाटांचे मूळ सापडणार होते. बाईंनी दोन वर्षे या एका गोष्टीसाठी वाट पाहिली होती, कारण यान ऐन दाटीच्या भागातून अकरा आठवडेच जाणार होते. सरांनीही कबूल केले होते की पुरावा मिळाला तर मोठ्या परिषदेत निबंध बाईच वाचतील.

आणि नेमके त्याच वेळी मामा घरातली ट्यूब बदलताना स्टुलावरून पडले. पाय मोडला. त्यांच्या जागी बदलीवर एक तंत्रज्ञ आला. माणूस चांगला होता, शाई वेळेवर भरायचा, धूळ झटकायचा. सोमवारचे त्याला कोणी सांगितले नाही, कारण ते मामांशिवाय कोणाला माहीतच नव्हते.

कागदाची धूळ आणि शाईचे कण बसून बसून माझा रूळ गुळगुळीत झाला. कागद त्याच्यावरून सटकू लागला. थोडा थोडाच, पण दर मिनिटाला. जिथे पाचशेवी चौकट यायला हवी तिथे चारशे अठ्ठ्याऐंशीवीच येई. मित्रांनो, पायाखालची सतरंजी सरकली तर ते कोणाला कळत नाही? मलाही कळत होते. आणि मी एरवी काही गुणाचा नव्हतो. शाई जराशी पातळ झाली की रुसायचो, कागदाची कड दुमडली की ठप्प व्हायचो, चांगले दोन-दोन तास अडून बसायचो. तेव्हा मात्र अडलो नाही. रेघ सुरेख येत होती, बाई येता-जाता माझ्या झाकणावर हात फिरवत होत्या, आणि मला ते हवे होते. कागद सटकू दिला आणि गप्प बसलो.

त्या अकरा आठवड्यांत अकरा मुसंड्या सापडल्या. बाईंनी दोरा टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्टीच्या सुरुवातीला लाटा आणि कण जवळजवळ जुळत. शेवटाकडे मात्र लाटा दहा-बारा मिनिटे आधी येत. आधी गलका आणि मग माणूस आत, असे कसे होईल? सरांनीही स्वतः दोरा धरला. सर काही वाईट माणूस नव्हते, पण दोऱ्यापुढे ते कोणाचे ऐकत नसत. त्यांनी सांगितले की लाटा आधी येतात, तेव्हा कणांमुळे त्या उठतात हे म्हणणे सोडून द्यावे लागेल.

बाईंनी हे घरी मामांना सांगितले. मामा पलंगावर पाय लांब करून बसले होते. त्यांनी एकच विचारले की सुरुवातीला जुळते आणि शेवटी जुळत नाही, हे प्रत्येक पट्टीत असेच आहे का. बाई हो म्हणाल्या. मामा म्हणाले, “मग ते थोरल्याचं नाही, कागदाचं आहे. रूळ कोण पुसतंय तिकडे?” हे सगळे बाईंनी मला पुढे सांगितले, तेव्हा मी स्वतःशीच चरफडलो.

दुसऱ्याच दिवशी मामा काठी टेकत संस्थेत आले आणि सर्वांसमोर म्हणाले की कागद सटकतो आहे. सरांचे म्हणणे पडले की पट्टीच्या शेवटाकडे दर वेळी थोरल्याची तीच बाजू यानासमोर येते, तेव्हा फरक थोरल्यामुळेही पडू शकेल. तरी त्यांनी न्यायाने वागायचे ठरवले. उद्या अकरा वाजता चाचणी घेऊ, म्हणाले. दर मिनिटाला एक ठोका देणारी फीत लावायची. सहाशेवा ठोका सहाशेव्या चौकटीत पडला तर यंत्र बरोबर, नाही तर मामा बरोबर.

दुसऱ्या दिवशी मामा पावणेअकरालाच आले. खोलीत आम्ही दोन यंत्रेच होतो. त्यांनी काठी टेबलाला टेकवली, “काय रेघोबा, बरा आहेस ना?” म्हणाले, झाकण उघडले, खिशातून पांढरे फडके काढून स्पिरिटमध्ये बुडवले आणि माझा रूळ पुसला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, वीस वर्षे पुसत होते तसा. त्यांची नजर दाराकडे होती, सर येताहेत का ते बघत. फडक्याची घडी घालून त्यांनी ते खिशात टाकले. त्यांनी ते पाहिले नाही, मी पाहिले. ते काळेकुट्ट झाले होते.

मित्रांनो, कोणतेही यंत्र हातात घेतले की आधी पुसायचे, ही त्यांची सवय होती. चांगल्या कारागिराची सवय. तिनेच त्या दिवशी त्यांचा घात केला. माझा रूळ पुन्हा घट्ट झाला, कागद नीट धरू लागला, आणि मला त्याच क्षणी कळले की आता काय होणार. मी अडू शकलो असतो. कड दुमडून घेऊन, लेखणी वाळवून, काहीही करून त्या दिवसापुरता ठप्प झालो असतो तर कोणाला तरी झाकण उघडून आत बघावे लागले असते. पण सर आले, बाई आल्या, सगळा विभाग आला, आणि इतक्या लोकांसमोर मला अडून बसायची लाज वाटली. मी शहाण्यासारखा चाललो. सहाशेवा ठोका बरोबर सहाशेव्या चौकटीत पडला.

कोणी तरी माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाले, “अचूक!” तो हा शब्द. तो तेव्हा मला गोड लागला, हे सांगताना आजही माझा रूळ आत आखडतो.

सर मामांकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मामा, भाचीची माया मी समजू शकतो. पण तिच्यासाठी मुक्या यंत्रावर आळ घेऊ नका.”  मामांनी काठी उचलली. बाई जमिनीकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी मामांची बाजूही घेतली नाही, आणि त्यांचा तरी काय दोष? त्यांनीही तो ठोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

बाईंनी निबंध मागे घेतला. वरच्या मजल्यावर भरलेल्या सभेत स्वतः उभे राहून सांगितले की आपली कल्पना चुकली. त्यांना माझ्या शेजारच्या खोलीत जुन्या फितींच्या याद्या करायला बसवले. मामांनी दोन वर्षे आधीच निवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी ते माझ्याजवळ आले, स्टूल ओढून बसले. खिशातून एक घडी घातलेले फडके अर्धवट बाहेर काढले आणि पुन्हा आत सारले. म्हणाले, “तू खोटं बोलला नाहीस रे. मीच तुझं तोंड पुसलं.” चाचणीच्या दिवशी घरी जाऊन खिशातले फडके पाहिले, तेव्हाच त्यांना कळले होते. पण काळे फडके दाखवले तर लोक पुन्हा म्हणणार की भाचीसाठी धडपड चालली आहे, आणि तिच्या हातात आहे ते कामही जाईल, म्हणून ते गप्प राहिले. मी का गप्प राहिलो याला असे काही चांगले कारण नव्हते.

जाताना त्यांनी सोमवारचे काम बाईंना सांगितले. बाई मुकाट्याने माझा रूळ पुसू लागल्या. पुसता पुसता त्या माझ्याशी बोलत, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे.

वर्षभराने एके दुपारी झाडलोट करणाऱ्या मावशी बाईंच्या खोलीत आल्या. गुंडाळी संपत आली की शेवटचा कोरा कागद उरे, तो मावशी घरी नेत आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरत. त्या दिवशी त्या तक्रार करायला आल्या होत्या. म्हणाल्या, “बाई, हल्ली कागद फारच कमी उरतो बघा, दोन हातसुद्धा नाही. मामा पाय मोडून घरी होते ना, तेव्हा एकेका गुंडाळीमागे पाच-पाच हात मिळायचा. माझी दोन्ही कपाटं भागली.”

बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. एका गुंडाळीत नेहमी पाच पट्ट्या होत. पट्ट्या तेवढ्याच, गुंडाळी तेवढीच, आणि तीन हात कागद जास्त उरला. याचा अर्थ तो कागद पुढे सरकायला हवा होता आणि सरकला नव्हता. बाई मावशींना घेऊन तशाच त्यांच्या घरी गेल्या. दोघींनी डबे खाली काढले, बरण्या काढल्या, फळ्यांवरचे कागद अलगद उचलले. तेलाचे गोल डाग पडले होते, कडा पिवळ्या झाल्या होत्या. पण प्रत्येक कागदाच्या शेपटावर कारखान्याचा क्रमांक छापलेला होता, आणि कोणत्या क्रमांकाच्या गुंडाळीवर कोणत्या दिवसाची पट्टी निघाली हे वहीत होते. मुसंड्यांच्या पट्ट्या सहा गुंडाळ्यांवर निघाल्या होत्या, त्यांचे सहाही कागद बाईंनी मावशींच्या शिवणाच्या टेपने मोजले. एकेका पट्टीमागे किती कागद सटकला ते त्यांच्या हाती आले.

त्यांनी वहीतले अकराही तुकडे त्या हिशेबाने पुढे सरकवले. दोरा टाकला. अकरांपैकी नऊ ठिकाणी लाटा नेमक्या मुसंडीबरोबर उठल्या होत्या, त्याआधी एक क्षणही नाही. उरलेल्या दोन ठिकाणचे अजून कोणाला नीट कळलेले नाही. सरांनी मोजे घालून, कागदावर गुडघे टेकून स्वतः तीनदा दोरा टाकला. मग ते तिथेच व्हरांड्यात फरशीवर बसून राहिले.

बाई मात्र थांबल्या नाहीत. फळीवरचा कागद घेऊन त्या मामांकडे धावल्या. मामांनी कागदावरून बोट फिरवले, क्रमांक वाचला आणि उठून कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढला. आत ते फडके होते. ते म्हणाले, “पुरावा मीच पुसला गं. सवयीनं.” बाई त्या दिवशी लहान मुलीसारख्या रडल्या, हे त्यांनीच मला सांगितले. आपण मामांच्या शेजारी उभे होतो आणि एक शब्द बोललो नाही, हे त्यांना आजही टोचते. सर संध्याकाळी मामांच्या घरी गेले आणि मामींसमोर हात जोडून म्हणाले, “मामा, चुकलो.” मामांनी त्यांना चहा दिला आणि रूळ कसा पुसावा ते समजावून सांगितले. पण ते पुन्हा संस्थेत आले नाहीत. बाईंचा निबंध छापून आला, नावाजला गेला. तीन वर्षांनी मामा गेले.

माझे काय झाले? नवी यंत्रे आली, माझ्यावर खोकी रचली गेली, उंदरांनी माझी वायर कुरतडली. त्याचे मला दुःख नाही, ते माझ्या लायकीचेच होते. मग कोणाला तरी संस्थेचा इतिहास मांडावासा वाटला, आणि मला झाडूनपुसून या काचेमागे उभे केले. पाटी लिहिणाऱ्याने जुन्या अहवालात चाचणीचा निकाल वाचला असणार. त्यातला ‘अचूक’ शब्द त्याने उचलला. मामांचे नाव पाटीवर नाही.

बाईंचे केस आता पिकले आहेत. पाटी बदला म्हणून त्यांनी दोनदा पत्र लिहिले, उत्तर आलेले नाही. पण काचेची किल्ली त्यांनी मिळवली आहे. दर सोमवारी येतात, पांढऱ्या फडक्याने माझा रूळ पुसतात, आणि पुसण्याआधी आत वाकून नीट बघतात. मला ना कागद आहे ना शाई. तरी बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरातली यंत्रे पुसा, त्यांची काळजी घ्या, हे मी सांगायला हवे. पण पुसण्याआधी एकदा बघत जा. आणि हाताने काम करणारा एखादा माणूस ‘इथे काही तरी चुकते आहे’ म्हणाला, तर तो कोणाचा मामा आहे हे नंतर विचारा.

शेवटी एक मागणे आहे. माझ्या पायाशी, त्या पितळी पाटीच्या खाली, एक घडी घातलेले काळे फडके ठेवलेले दिसेल. ते बाईंनी ठेवले आहे. त्याच्याजवळ पाटी नाही. सफाईवाल्यांनी ते दोनदा कचऱ्यात टाकले आणि बाईंनी दोनदा शोधून परत आणले. मला वर्षभर पुसले नाहीत तरी चालेल. ते फडके मात्र कोणाला धुऊ देऊ नका.